कळ थांबली, खडा तिथेच

मार्च सरता सरता सोलापूरचा पारा चाळिशीला टेकतो आणि एप्रिल-मेमध्ये 42-43 अंशांचं कुणाला अप्रूप राहत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली पाळी करणारा कामगार, सात रस्त्यावर दिवसभर ऊन खाणारा रिक्षावाला, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली बाई, या सगळ्यांच्या अंगातून घामावाटे जेवढं पाणी जातं, तेवढं पोटात पडत नाही. बायकांचं तर आणखी अवघड. कामाच्या ठिकाणी धड संडास-मुतारी नाही, म्हणून मुळात पाणीच कमी प्यायचं, ही सवय कितीतरी जणींनी स्वतःला लावून घेतलेली असते. घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे पिण्याचं पाणीसुद्धा जपून. लघवी घट्ट होते, तिच्यात विरघळलेले क्षार खाली बसतात, आणि मुतखडा तयार होतो. उन्हाळा लागला की कमरेला हात लावून, वाकून दवाखान्याच्या पायऱ्या चढणारे रुग्ण वाढतात ते यामुळे.

खडा किडनीत असतो तोवर बहुधा गप्प असतो. खरा त्रास तो खाली उतरून मूत्रवाहिनीत अडकल्यावर होतो. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी. लांबी 25 ते 30 सेंटिमीटर, आतली पोकळी जेमतेम 3-4 मिलिमीटर. तीतही तीन जागा जास्त अरुंद: किडनीतून ती निघते तिथे, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून ती ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडे बहुतेक करून यांपैकीच एखाद्या जागी अडकतात. वरून लघवी येत राहते, खाली जायला वाट नसते, किडनी फुगते, नळी आवळली जाते आणि कळ उठते. कुशीतून निघून जांघेपर्यंत जाणारी, माणसाला धड बसू न देणारी आणि धड झोपू न देणारी. सोबत मळमळ, उलटी, लघवीला सारखी घाई, कधी लालसर लघवी.

मग इंजेक्शन घेतलं जातं, कळ थांबते, आणि इथेच घोटाळा होतो. ‘दुखायचं थांबलं, म्हणजे खडा पडला असणार,’ असं म्हणून माणूस कामाला लागतो. पण नळी तुंबलेलीच राहिली, तर काही दिवसांत ती किडनी लघवी तयार करणंच कमी करते, आतला दाब उतरतो आणि कळ आपोआप ओसरते. खडा मात्र जागच्या जागी. महिन्या-दोन महिन्यांनी भलत्याच कारणाने सोनोग्राफी होते आणि त्या बाजूची किडनी सुजून पातळ झाल्याचं कळतं. पूर्ण तुंबलेली किडनी काही आठवड्यांतच कायमची अधू होऊ शकते. तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. खडा गेला की नाही, हे दुखण्यावरून ठरवायचं नाही. तो हातात आला तर गेला, नाहीतर तपासणीत दिसला नाही तर गेला.

याचा अर्थ प्रत्येक खड्याला ऑपरेशन हवं असा नाही. 5 मिलिमीटरपर्यंतचे निम्म्याहून बरेच जास्त खडे आपणहून पडतात. 5 ते 10 मिलिमीटरमधले साधारण निम्मे पडतात, त्यातही नळीच्या खालच्या टोकाला आलेले लवकर. 10 मिलिमीटरच्या वरचा खडा आपोआप पडेल, या आशेवर बसू नये. थांबायचं असेल तर ते युरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली, फार तर चार ते सहा आठवडे. तेही कळ गोळ्यांनी आटोक्यात असेल, ताप नसेल, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक असेल आणि दुसरी किडनी चांगली असेल तरच. या काळात नळी सैल करणारी टॅम्सुलोसिनसारखी गोळी देतात. तिने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ती आणू नये. वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. किडनीचा आजार, अल्सर किंवा दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

लघवी चहाच्या गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळा. पडलेला खडा फेकू नका, डबीत ठेवा. तो कशाचा बनला आहे हे प्रयोगशाळेत कळतं आणि पुढचं पथ्य त्यावर ठरतं. आणि ऐन कळ उठलेली असताना तांब्यामागून तांब्या पाणी ढोसून खडा ढकलला जात नाही. तुंबलेल्या नळीवर दाब मात्र वाढतो. तहानेपुरतं प्या.

हुलग्याचं माडगं, पानफुटीची पानं, मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा, हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगतंच. माडग्याला माझी हरकत नाही, थंडीत ते चवीलाही छान लागतं. पण मूत्रवाहिनीत घट्ट बसलेला कॅल्शियमचा खडा त्याने विरघळतो, याला भरवशाचा पुरावा नाही. औषधाने विरघळणारे खडे आहेत, पण ते मुख्यतः युरिक ॲसिडचे, आणि त्यासाठी लघवीची आम्लता मोजून औषध द्यावं लागतं. काढ्याचा खरा तोटा पोटात होत नाही, वेळेचा होतो. त्या भरवशावर दोन-तीन महिने निघून जातात.

काही लक्षणांना मात्र एक रात्रही द्यायची नाही. कळेसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी अगदीच थांबली, उलट्यांमुळे घोटभर पाणी टिकत नाही, रुग्णाला एकच किडनी आहे किंवा रुग्ण गरोदर बाई आहे, तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर तापाकडे दुप्पट लक्ष द्या. तुंबलेल्या किडनीत जंतू वाढले की ते रक्तात शिरायला वेळ लागत नाही, आणि मग प्रश्न खड्याचा राहत नाही, जिवाचा होतो. बार्शी, मंगळवेढा, सांगोला, तुळजापूर, इंडी, विजयपूर अशा लांबलांबच्या गावांतून लोक उपचाराला सोलापूर गाठतात. गाडी ठरवण्यात रात्र घालवण्यापेक्षा 108 ला फोन करा.

अशा तापाच्या रुग्णाला दाखल केलं की बरेचदा नातेवाइकांचा संताप होतो. ‘खडा काढायला आणलं होतं, यांनी नुसती नळी घालून ठेवली आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी बोलावलं.’ इथे डॉक्टर बरोबर असतात. पू साचलेल्या किडनीत दुर्बीण घालून पाण्याचा मारा केला तर जंतू रक्तात ढकलले जातात. म्हणून आधी आतून स्टेंट, म्हणजे मऊ पोकळ नळी, किंवा पाठीतून बारीक नळी घालून किडनी मोकळी करायची, अँटिबायोटिकने संसर्ग उतरवायचा, आणि खड्याला हात नंतर लावायचा. घाई करणाऱ्यापेक्षा थांबणारा डॉक्टर अशा वेळी जास्त भरवशाचा.

तपासण्यांबद्दल थोडं. सोनोग्राफीत किडनीची सूज चांगली दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे निसटतो. ‘सोनोग्राफीत खडा नाही, पण किडनी सुजली आहे’ असा रिपोर्ट आला, तर खडा नाहीच असं समजू नका. नक्की उत्तर साध्या सिटी स्कॅनमध्ये मिळतं. त्याला शिरेतून औषध टोचावं लागत नाही. गरोदर स्त्रियांसाठी मात्र सोनोग्राफीच. रिपोर्ट हातात आल्यावर तीन गोष्टी बघा: खडा किती मिलिमीटरचा, नेमका कुठे, आणि किडनीला सूज किती. ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द दिसला तर ती सूज. शिवाय लघवीचं कल्चर. त्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून कंटाळून ते टाळू नये. लघवीत जंतू असताना घाईने केलेलं ऑपरेशन पुढे महागात पडतं.

आता लेझर. ‘लेझर मारून घेतला’ असं म्हणताना पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बाहेरून पोटावर सोडलेले किरण असतात. तसं नाही. बाहेरून फोडायची पद्धत वेगळी. ती ध्वनिलहरींच्या धक्क्यांची लिथोट्रिप्सी, 1980 मध्ये जर्मनीत म्युनिकला रुग्णावर पहिल्यांदा वापरलेली. ती आजही काही खड्यांना चालते, पण तुकडे तुम्हालाच लघवीतून पाडावे लागतात, एका बैठकीत काम होईलच असं नाही, आणि गरोदरपणात ती चालत नाही. लेझरमध्ये दुर्बीण लघवीच्या वाटेनेच थेट खड्यापर्यंत जाते. छेद नाही, टाका नाही. ज्यांनी आजोबांच्या कमरेवर खड्याच्या ऑपरेशनचा वीतभर व्रण पाहिलेला आहे, त्यांना हे खरं वाटत नाही. पण मूत्रवाहिनीसाठी खास लांब दुर्बीण 1980 च्या सुमारास तयार झाली, आणि होल्मियम लेझर 1990 च्या दशकात आला. त्यानंतर पोट किंवा कमर उघडून नळीतला खडा काढण्याची वेळ क्वचितच येते.

ऑपरेशन टेबलावर काय होतं ते पाहा. खडा खालच्या भागात असेल तर बहुधा कमरेत भूल, वरच्या भागात किंवा किडनीत असेल तर पूर्ण भूल. मूत्राशयातून दुर्बीण आत जाते, मूत्रवाहिनीचं तोंड दिसतं, त्यातून आधी एक मऊ तार वर सरकवतात. काही चुकलं तरी वाट हातातून जाऊ नये म्हणून. मग तारेच्या आधाराने बारीक दुर्बीण नळीत. पडद्यावर गुलाबी, सुजलेल्या अस्तरात रुतलेला पिवळट-तपकिरी खडा दिसतो. दुर्बिणीतून काचेचा धागा पुढे येतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या भागाएवढी. त्याच्या टोकाचा रंगीत ठिपका खड्यावर टेकला की डॉक्टर पायाखालचं पेडल दाबतात. टक टक आवाज येतो आणि खड्यातून गिरणीतल्या पिठासारखी भुकटी उडायला लागते. मधूनमधून पडदा गढूळ होतो, पाण्याने धुवून घेतात, पुन्हा पेडल. खडा मध्यम असेल तर अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतं.

होल्मियमच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 2.1 मायक्रॉन. ती पाण्यात चटकन शोषली जाते, त्यामुळे तिचा मारा टोकापुढे अर्धा मिलिमीटरही नीट पोचत नाही. धागा खड्याला टेकलेला आहे तोवर नळीच्या भिंतीला धोका कमी असतो, तो यामुळे. अलीकडे थुलियम फायबर लेझरही आला आहे. तो खड्याची आणखी बारीक धूळ करतो. ‘तुमच्याकडे कुठलं मशीन आहे?’ हा प्रश्न हल्ली रुग्ण आवर्जून विचारतात. मला तो दुय्यम वाटतो. पेडलवर पाय कुणाचा आहे आणि त्याने असे किती खडे फोडले आहेत, ते विचारा.

लेझरचं काम सोपं दिसलं तरी ते ऑपरेशनच आहे. फोडताना खडा पाण्याच्या जोराने किडनीत परत उडू शकतो. मग वळणारी दुर्बीण लागते. तिने केलेल्या ऑपरेशनला डॉक्टर ‘आरआयआरएस’ म्हणतात. कधी नळी इतकी अरुंद असते की दुर्बीण शिरतच नाही. तेव्हा जबरदस्ती न करता स्टेंट घालून दोनेक आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, तोवर नळी सैल होते. ते ऑपरेशन फसलं असं नाही, नळी वाचवली असं समजा. ऑपरेशननंतर ताप येणं, नळीला इजा होणं, आणि क्वचित पुढे ती जागा आकसून अरुंद होणं हे धोके आहेत. संमतिपत्रावर सही करताना ते वाचा, न समजलेलं विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. कधी आणि किती दिवस थांबवायच्या हे हृदयाचे आणि युरोलॉजीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

पैशाचं बोलणं दाखल होण्याआधी, आणि कागदावर. ‘पॅकेज’ म्हटलं तर त्यात लेझरचा धागा, स्टेंट, भूल आणि एक दिवसाची खोली धरली आहे का, आणि स्टेंट काढायचा खर्च आत आहे की वेगळा, हे विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. राज्यातल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली ही योजना. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र ती प्रत्येक रुग्णालयात चालत नाही, आणि जिथे चालते तिथेही युरोलॉजीसाठी चालेलच असं नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, किंवा 155388 वर विचारा. आधी बिल भरून मागाहून योजनेत बसवून घेऊ, हा हिशेब सहसा जमत नाही. मंजुरी आधी घ्यावी लागते. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आपलं सिव्हिल आहेच. पहिली तपासणी तिथे करून घेतली तरी पुढची दिशा कळते.

एकदा खडा झालेल्या माणसाला दहा वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणून पथ्य, पण ऐकीव नव्हे. पाणी मोजताना पेले मोजू नका. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, हा हिशेब. यंत्रमागावर किंवा उन्हात काम असेल तर त्यासाठी साडेतीन-चार लिटरही प्यावं लागेल. लघवी पिवळीधमक दिसली की पाणी कमी पडलं. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. मीठ कमी करा. पापड, लोणची, फरसाण आलं त्यात. लिंबू पाणी चांगलं, पण मीठ-साखरेचा मारा न करता. दूध-दही बंद करू नका. कॅल्शियमचा खडा म्हणून कॅल्शियम तोडणं उलट अंगाशी येतं, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. टोमॅटोच्या बियांना लोक उगाच बदनाम करतात. ऑक्झलेट खरं पालकात जास्त, आणि शेंगदाण्यातही बऱ्यापैकी असतं. आता सोलापूरकराला शेंगाचटणी सोड म्हणणं माझ्या तरी जिभेवर येत नाही. तेव्हा कडक भाकरीवर चटणी चिमूटभर घ्या आणि तिच्यात दही कालवा. चवही जुळते, शास्त्रही.

स्टेंटचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण ऑपरेशन झाल्यावर रुग्णाच्या हातून सगळ्यात मोठी चूक इथे होते. लेझरनंतर नळीला सूज असते, बारीक चुरा खाली उतरत असतो. नळी पुन्हा तुंबू नये म्हणून बहुतेकांच्या आत डीजे स्टेंट ठेवतात. दीड-दोन मिलिमीटर जाडीची, 24-26 सेंटिमीटर लांबीची मऊ, पोकळ नळी. तिची दोन्ही टोकं गुंडाळलेली, एक किडनीत आणि एक मूत्राशयात. बाहेरून काहीच दिसत नाही. ती आत असेपर्यंत सारखी लघवीला जावंसं वाटणं, लघवी करताना कुशीत दुखणं, शेवटी जळजळ, जास्त चालल्यावर लघवी लालसर होणं, हे चालायचंच. त्यासाठी गोळ्या मिळतात, पाणी भरपूर प्या. मात्र थंडी-ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना.

हा त्रास आठवडाभरात अंगवळणी पडतो. काहींना तर स्टेंट जाणवतच नाही. आणि मग पुन्हा तोच जुना हिशेब, दुखत नाही म्हणजे सगळं ठीक. विणकर भिवंडीला निघून जातो, ऊसतोडीची टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते, लग्नसराई येते, तारीख राहून जाते. काहींना तर आत नळी ठेवली आहे हेच माहीत नसतं. भुलीच्या गुंगीत कुणीतरी सांगितलेलं, डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं. आत राहिलेल्या स्टेंटवर क्षार चढत जातात. काही महिन्यांत त्याच्या टोकांवर नवे खडे बसतात, तो ओढून निघत नाही, कधी तुटतो. जो स्टेंट जेलीने बधिर करून पाच मिनिटांत निघाला असता, त्याच्यासाठी मग पुन्हा भूल, पुन्हा लेझर, कधी दोन-तीन ऑपरेशनं. त्या बाजूची किडनी गमावलेलेही रुग्ण असतात.

तेव्हा घरी सोडताना विचारा: आत स्टेंट आहे का, कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला काढायचा? उत्तर मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, घरात जी भाषा वाचता येते तिच्यात लिहून घ्या. तारीख रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये टाका. साधारण एक ते चार आठवड्यांत तो निघतो. गावाला जाणं टळत नसेल, तर तिथल्या युरोलॉजिस्टकडून काढून घ्या, कागद दाखवले की कुणीही काढून देतो. काढल्यावर महिन्याभराने एक सोनोग्राफी करा. ऑपरेशनची जागा आकसली असेल तर किडनी न दुखताही सुजलेली असू शकते, ते तिच्यात कळेल.

आणि घरात कुणाचं मागे कधी खड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांना आजच विचारा की स्टेंट काढला होता का. ‘काढला असेल’ असं मोघम उत्तर आलं, तर पोटाचा एक साधा एक्स-रे काढून घ्या. स्टेंट त्यात स्पष्ट दिसतो.